सदाशिव पेठेचा पिनकोड सोलून बघा: ४११०३०

पिनकोड आपण पत्त्याच्या शेवटी टाकतो नि विसरून जातो, पण नुसती सहा आकडी संख्या म्हणून बघितलं तर सदाशिव पेठेचा ४११०३० एकदम भारी निघतो. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कागद-पेन पुरे.

आधी शेवटचा आकडा बघायचा. शून्य आहे म्हणजे १० ने भाग जाणारच. मग अंकांची बेरीज, ४+१+१+०+३+० = ९, म्हणजे ९ नेही जातो. दोन्ही मिळून ९०, त्याने भागलं की येतात ४५६७. चार, पाच, सहा, सात, ओळीने! पेठेतला आकडा आहे, शिस्तीतच असणार.

आता खरं काम, ४५६७ चे अजून अवयव पडतात का. ६८ चा वर्ग ४६२४, तो पुढे गेला, म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं, कारण दोन अवयव पडलेच तर त्यातला एक तरी तेवढ्यात सापडायलाच हवा. २, ३, ५ नजरेनेच बाद. बाकीच्यांसाठी भागाकार मांडत बसू नका, ७×११×१३ = १००१ होतात, त्याची चौपट ४००४ वजा केली की राहतात ५६३, आता या छोट्या आकड्याला तिघांनी भागा, बाकी येते ३, २ आणि ४, तिघंही गेले. तसंच ३७×३ = १११ आणि १११×४१ = ४५५१, उरतात १६, म्हणजे ३७ आणि ४१ एकाच फटक्यात उडाले. ४×१७×६७ = ४५५६, उरले ११, ही पण जोडी गेली. ४३ आणि ५३ ची अशीच जोडी लागते, ती तुम्ही शोधा. राहिलेले सात आकडे मात्र पाढे म्हणत काढावे लागतात, कंटाळा येतो पण इलाज नाही. कशानेच भाग जात नाही, म्हणजे ४५६७ मूळ संख्या.

तर ४११०३० = २×३²×५×४५६७. एकूण विभाजक किती ते काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं, २×३×२×२ = २४.

अजून एक गंमत, स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात, आपली आहेच, ९ ने भागून ४५६७० येतात. हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' शोधणारे गणिती, देवळालीत शाळामास्तर होते आणि शिकले फर्ग्युसनला. पण फर्ग्युसनचा पिन ४११००४ हर्षद नाही हं, बेरीज १० आणि शेवटी ४, कसा जाणार भाग! अर्थात पिनकोड आले १९७२ ला, कापरेकर १९२९ लाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. तरी तो अगदीच टाकाऊ नाही, आलटून पालटून अधिक-उणे करा, ४−१+१−०+०−४ = ०, म्हणजे ११ ने जातो. ४ आणि ११ काढले की राहतात ९३४१, तिथे मात्र ८९ पर्यंत तपासायला बसावं लागतं.