ऑटोमॅटिक गाडीला गिअरबॉक्स कूलर लावताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर माझ्या मेव्हण्याची सेकंडहँड एसयूव्ही तासभर मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि वर पोचेपर्यंत गिअर पडताना धाडधाड झटके द्यायला लागली. टेम्परेचरचा काटा मात्र अगदी मधोमध. इथेच लोक फसतात, कारण तो काटा इंजिनच्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्सच्या ऑइलचा नाही, आणि ऑइल तापलंय हे बऱ्याच गाड्यांत वॉर्निंग लाइट लागेपर्यंत कळतच नाही.

गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा खरा प्रकार दिसला. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये रेडिएटरच्या टाकीतला, गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर बायपास करून घेतला होता आणि त्याच्या जागी वहीएवढा छोटा कूलर बंपरच्या मागे कोपऱ्यात लावलेला, जिथे वाराच लागत नाही. हायवेला कदाचित चाललाही असेल, पण आपल्याकडे गाडी हायवेला किती आणि कापूरबावडी ते गायमुख ट्रॅफिकमध्ये किती, याचा विचार करा ना. हळू चालताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, लॉक होत नाही, आतल्या आत ऑइल घुसळत राहतं आणि तापतं, आणि नेमकं तेव्हाच समोरून वारा नसतो. रेडिएटरमधला कूलर कूलंटवर चालतो, त्याला फॅनची साथ असते, म्हणून गाडी उभी असली तरी तो काम करतो. तो काढू नका. जास्तीचा हवाच असेल तर ऑइल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्सला, असं जोडून घ्या, आणि कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे बसवा म्हणजे मेन फॅन त्याच्यातूनही हवा ओढतो. ब्रॅकेटवर बसवा, कंडेन्सरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय आरपार घालून अजिबात नको, घासून घासून एसीचा गॅस जातो.

त्याच्याही आधी, आपली ऑटोमॅटिक नक्की कुठली ते बघा. एएमटी असेल तर तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच मशीन दाबतं. तो क्लच कोरडा, त्याला ऑइल कूलरचा काही उपयोग नाही, ड्राय क्लचवाल्या डीसीटीचंही (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेच. चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवायची सवय सोडा, ब्रेक दाबा, क्लच वाचेल. सीव्हीटीचं (ठरावीक गिअरऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) ऑइल वेगळं, त्यात साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ओतू नका.

ऑइल 80 ते 95 अंशांच्या आसपास असेल तर ठीक. 120 च्या पुढे सतत राहिलं की ते काळवंडतं, चिकट थर धरतं. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून बघा, नवीन एटीएफ बहुतेक लालसर असतं, तपकिरी झालंय आणि जळका वास येतोय म्हणजे काम आधीच बिघडलंय, नुसता कूलर लावून ते सुधारणार नाही. आणि रेडिएटरमध्ये किंवा ऑइलमध्ये गुलाबी मिल्कशेकसारखं काही दिसलं तर गाडी स्टार्टसुद्धा करू नका, टो करा. आतला कूलर फुटून कूलंट आणि ऑइल मिसळलंय, आणि त्या पाण्याने गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटचं लायनिंग सुटतं. अशा वेळी रेडिएटर बदलायचाच.

गिअरबॉक्स ओव्हरहॉल केला आणि कूलर जुनाच ठेवला, हीसुद्धा महागातली चूक. त्याच्या आत धातूचा चुरा अडकलेला असतो, फ्लश करूनही सगळा निघेलच असं नाही आणि तो नव्या कामात जातो. पाइप एटीएफसाठीचेच घ्या, साधा कूलंटचा पाइप गरम ऑइलने फुगतो. पावसाळ्यात जाळीत चिखल बसतो, तो साध्या पाण्याने धुवा, प्रेशर जेट जवळून मारला की पात्या वाकतात.

मेव्हण्याच्या गाडीला रेडिएटरची लाइन परत जोडली, कूलर पुढे आणला, ऑइल बदललं. दोन दिवसांनी परत थोडा झटका. लेव्हल थंड गाडीत बघितली होती, कंपनीने सांगितलेल्या टेम्परेचरला परत तपासल्यावर ऑइल कमी निघालं, नव्या कूलरने आणि पाइपने घेतलेलं ऑइल कुणी मोजलंच नव्हतं.