बाळाला पाजत असताना ताजी फळं कशी खावीत

पेरूने बाळाला खोकला होतो, केळ्याने सर्दी, संत्र्या-मोसंबीने त्याचं पोट दुखतं आणि पपईने दूध आटतं. पुण्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की हे सगळं तिच्या कानावर पडतं, आणि सव्वा महिना तिला डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी मिळते. फळ मात्र मिळत नाही. लाडू आणि खीर आवडीने खा, ते चांगलं अन्न आहे. पण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, टाके असले तर शौचाला जायचीच धास्ती वाटते, दिवसरात्र पाजून तहान-भूक लागते. नेमक्या याच दिवसांत फळं बंद करणं हा त्या आईवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. जपायचं ते पाणी, सुरी आणि वेळ यांच्या बाबतीत. कसं, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: दूध कशाचं होतं ते घरात सगळ्यांना सांगा

आईने खाल्लेलं पोटातून थेट दुधात जात नाही. अन्न पचतं, त्यातले घटक रक्तात येतात आणि स्तनातल्या पेशी त्या रक्तातून दूध तयार करतात. त्यामुळे आईने थंडगार कलिंगड खाल्लं तरी बाळाला मिळणारं दूध अंगाइतकंच कोमट असतं, आणि संत्र्याचा आंबटपणा दुधाला आंबवत नाही. सर्दी विषाणूने होते. ती बाळाला शिंकणाऱ्या पाहुण्याकडून मिळते, केळ्याकडून नाही.

पपईचं भय गरोदरपणातून आलं आहे. कच्च्या पपईच्या चिकामुळे गरोदर बाईला ती टाळायला सांगतात. बाळंतपणानंतर पिकलेली पपई खायला हरकत नाही, आणि बद्धकोष्ठता असेल तर ती उपयोगीच पडते. दूध वाढणं किंवा कमी होणं हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट पितं यावर ठरतं.

आईच्या खाण्याची थोडी चव दुधात उतरते हे खरं. लसणाची उतरते, फळांचीही उतरते. त्यात अपाय नाही. उलट पुढे वरचं अन्न सुरू होईल तेव्हा घरच्या चवी बाळाच्या ओळखीच्या असतात. आणि रडण्याचं म्हणाल, तर पहिले सहा आठवडे बाळांचं रडणं वाढतच जातं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. तेवढ्यात आईने आंबा खाल्लेला असला की दोष आंब्याला लागतो.

आजी किंवा सासूबाई ऐकत नसतील तर वाद वाढवू नका. त्यांची काळजी खरी असते. फळ फ्रिजमधून काढल्या काढल्या न खाता थोडं थांबून खाल्लं, तर त्यांचाही जीव थंड होतो आणि तुमचं काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: किती आणि कशासोबत

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात १०० ग्रॅम फळ धरलं आहे. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणून दिवसातून दोनदा, वेगवेगळं फळ खाल्लं तर उत्तम.

बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. तिचा अंगाला उपयोग व्हावा म्हणून जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर 'क' जीवनसत्त्वाचं फळ खा. यात पेरूला तोड नाही. संत्र्याच्या तीन-चारपट 'क' जीवनसत्त्व त्यात असतं. चहा मात्र जेवणानंतर तासभर तरी लांबवा, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका.

ऋतूप्रमाणे खा, स्वस्तही पडतं. पावसाळ्याच्या शेवटी पुरंदरची सीताफळं येतात, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मग जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, उन्हाळ्यात कलिंगड आणि हापूस. सासवडकडचे ताजे अंजीर मिळाले तर सोडू नका. आणि रात्री दोनला बाळ एका हातावर असताना जे सोलून खाता येतं, ते केळं बाराही महिने मिळतं.

तिसरी पायरी: घेताना बघा

मंडईत घ्या, मार्केट यार्डातून आणा किंवा दारावरच्या हातगाडीवरून. फळ अखंड असावं. चिरलेलं, पिचलेलं, देठाशी बुरशी आलेलं, पक्ष्याने टोचलेलं घेऊ नका. 'एवढा भाग काढून टाकला की झालं' हे मऊ फळाच्या बाबतीत खरं नाही, बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

आंब्याबद्दल विशेष सांगायला हवं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, त्याला घाबरू नका. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, आत कच्चा आणि देठाशी वास नाही, असा आंबा संशयास्पद समजा. पण नुसतं पाहून खात्री होत नाही. म्हणून कच्ची पेटी आणून घरी गवतात आढी लावणं मला सर्वात भरवशाचं वाटतं. थोडे दिवस थांबावं लागतं, पण काय खातोय ते ठाऊक असतं.

चौथी पायरी: धुणं

इथे घाई करू नका.

आधी साबणाने हात धुवा. फळाला मात्र साबण किंवा भांड्यांचं लिक्विड लावू नका, ते सालीत मुरतं. वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुवा. कडक सालीच्या फळांना, म्हणजे कलिंगड, खरबूज, आंबा, यांना स्वच्छ ब्रश फिरवा. साल खायची नसली तरी धुवायचं, कारण सुरी सालीवरची घाण गरापर्यंत नेते. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकून राहतात, ते तर नक्की घासा.

द्राक्षांचा घड तसाच बुडवू नका. कात्रीने लहान झुबके करा, पाण्यात हलवा, पाणी बदला, मग नळाखाली धरा. सफरचंद, पेरू, द्राक्षं यांवरच्या फवारणीचे अंश कमी करायला लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. सालीच्या आत मुरलेलं यानेही जात नाही. तिथे सोलणं हाच उपाय. स्ट्रॉबेरी खाण्याच्या आधीच धुवा, तीही देठासकट. आधी देठ काढला तर पाणी आत शिरतं.

आंबा थोडा वेळ पाण्यात ठेवायची आपली जुनी रीत पाजणाऱ्या आईने जरूर पाळावी. देठाचा चीक काहींच्या त्वचेला झोंबतो. तो हाताला राहिला आणि त्याच हाताने स्तन किंवा बाळाचा गाल धरला तर पुरळ उठू शकतं. देठाचा तुकडा काढून चीक धुऊन टाका, आणि खाल्ल्यावर पुन्हा हात धुवा.

आता पाण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे हातापायांतली ताकद कमी करणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर आला. तुमच्या सोसायटीत टँकरचं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर फळ त्या पाण्याने धुतल्यावर शेवटचा हात उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने फिरवा. मग कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा.

पाचवी पायरी: कापणं आणि ठेवणं

मटण, चिकन, मासे यांची सुरी आणि पाट फळाला वापरू नका. कापलेलं फळ दोन तासांच्या आत खा. एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासातच. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. सीताफळाच्या बिया लगेच गोळा करून टाका. घरात थोरलं मूल असेल तर अधिकच, कारण त्या विषारी असतात आणि फुटलेल्या बीचा रस डोळ्यांना इजा करतो.

सहावी पायरी: बाहेरचं टाळा

कापून ठेवलेली फ्रूट प्लेट, बर्फ घातलेला रस, तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी. इच्छा होते, मान्य. पण बर्फ कुठल्या पाण्याचा, सुरी कधी धुतली, हे आपल्या हातात नसतं. पहिले काही महिने तोच पेरू घरी आणून खा. रसापेक्षा अख्खं फळ बरं, त्यातला चोथा पोट साफ ठेवतो.

सातवी पायरी: कोणी आधी विचारावं

गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी आंबा, चिकू, सीताफळ किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं आणि साधारण सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी चुकवू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गणपतीच्या दिवसांत येणारं पपनस खाण्याआधी विचारा. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीची ही फळं काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतात. किडनीचा आजार असेल तर फळांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आठवी पायरी: बाळाकडे लक्ष

नवं फळ आधी थोडं खा, मग पुढच्या दिवशी नेहमीएवढं. एखाद्या फळानंतर प्रत्येक वेळी बाळाला पुरळ येतं असं दिसलं तर तेवढंच फळ थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं, वजन वाढत नसलं, तर घरी पथ्य करत बसू नका, लगेच जा. फळ आईसाठी आहे; सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला रस चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही.

आणि इतकं जपूनही तुम्हाला जुलाब झाले, तर पाजणं थांबवू नका. पोटाचे जंतू सहसा दुधातून जात नाहीत, ते हातांतून जातात. उलट दुधातून बाळाला संरक्षक घटक मिळतात. प्रत्येक वेळी हात साबणाने धुऊन बाळाला घ्या आणि ओआरएस पीत राहा. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवी कमी झाली असेल किंवा हातापायांत अशक्तपणा, मुंग्या जाणवत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि औषध लिहून घेण्याआधी 'मी बाळाला पाजते' हे सांगा.