लिंबू-मोसंबीच्या खोडाला थंडीपूर्वी बोर्डो पेस्ट

खान्देशात डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चटकतं, पहाटे गारठा पडतो. या फरकाने खोडाची साल तडकते, भेगेतून बुरशी शिरते आणि डिंक ओघळू लागतो. म्हणून पाऊस उघडून खोड वाळलं की बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावून घ्या.

एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) फडक्यात बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर लटकवा. दुसऱ्या भांड्यात एक किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडा, गार झाल्यावर पाणी पाच लिटर करून गाळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीचीच हवीत. मोरचूद लोखंड खातो. दोन्ही द्रावणं एकत्र ओतताना काठीने ढवळत राहा. मग घासलेला लोखंडी विळा त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी आणखी घाला. ही तपासणी टाळू नका, आम्लता राहिली तर कोवळी साल भाजते.

डिंक असलेली साल आधी धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवड जाळा. मग जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशने पेस्ट लावा. त्याच दिवशी संपवा, शिळी चिकटत नाही. ठिबकची नळी खोडापासून लांब सरकवा.