या चुका टाळा: दिव्यांग मुलाचं अनुदान फेरतपासणीत अडकू नये म्हणून

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीला जाताना आई लेकराला न्हाऊमाखू घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून नेते. ‘स्वतः जेवतो का?’ असं विचारलं की लगेच म्हणते, ‘हो, सगळं करतो!’ पोराचं कौतुक कुणाला नसतं? पण घोळ नेमका इथेच होतो.

बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी नुसत्या बुद्ध्यांकावर ठरत नाही. मूल रोज काय काय करतं, हे पालकांनाच विचारून व्हाइनलँड चाचणीचे (रोजची कामं मूल स्वतः किती करतं, ते मोजणारी चाचणी) गुण काढतात. गुण ५५ ते ६९ आले तर दिव्यांगत्व ५० टक्के, ७० ते ८४ आले तर २५ टक्के. हे अनुदान ज्यातून मिळतं त्या संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० टक्के लागतात. म्हणजे चार ठिकाणी ‘येतं की त्याला’ म्हटल्याने महिन्याचे २,५०० रुपये जाऊ शकतात. भात कालवून दिला, शेजारी बसून ‘खा, खा’ म्हटलं, तेव्हा कुठे जेवला, असं सविस्तर सांगा. शर्ट घालतो, पण बटणं कोण लावतं? शी धुवायला कोण लागतं? रात्री कितीदा उठावं लागतं? आठवडाभर वहीत टिपून ठेवा. फुगवून मात्र सांगू नका, मूल समोरच बसलेलं असतं.

बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने काढावं लागतं. मुदत उलटायची वाट न बघता स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज टाका. जुनं प्रमाणपत्र, विशेष शिक्षकांचा अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलीत ठेवा. सुरगाणा-पेठहून एका कागदासाठी पुन्हा एसटीने येणं कुणाला परवडतं? हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो, तोही विसरू नका.

पैसे थांबले की सगळे आधी तहसील गाठतात. बरेचदा दोष बँकेत असतो. केवायसी (ओळखीची कागदपत्रं तपासणं) झाली म्हणजे डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग (खातं आधारला जोडणं) झालं असं नाही. बँकेत ‘आधार सीडिंग’ हाच शब्द वापरून विचारा. शिष्यवृत्तीसाठी दुसरं खातं उघडून तिथे सीडिंग केलं असेल, तर अनुदान तिकडे जमा होतं. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे ५ आणि १५ व्या वर्षी अद्ययावत केलेत ना, तेही बघा.

अनुदान बंद केलं तर कारण लेखी मागा. टक्केवारीच पटली नाही, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.