थांबलेली गाडी आणि मागचा आरसा : फिरतीच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

औषध प्रतिनिधी म्हणून जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर या पट्ट्यात मी बारा वर्षे मोटारसायकलवर फिरत आहे. नव्याने येणारी मुले ओव्हरटेक आणि हेल्मेट यांविषयी विचारतात. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीविषयी मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्या वर्षी मीही विचारले नव्हते.

सुरतेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुनी माणसे त्याला अजूनही सहा नंबरच म्हणतात) जळगावातून जातो. भुसावळकडून शहरात शिरताना एका लाल दिव्याला मी गाडी न्यूट्रल केली, दोन्ही पाय टेकवले आणि डॉक्टरांच्या भेटींची यादी वाचू लागलो. मागून केळीने भरलेली पिकअप आली, ती माझ्या नंबर प्लेटला टेकूनच थांबली. प्लेट वाकण्यावर निभावले. परंतु समोरच्या ट्रकपासून माझे चाक हातभरही लांब नव्हते, म्हणजे निसटायला वाट मीच ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी गाडी थांबण्याआधीच पहिल्या गिअरवर आणतो, डावा पाय टेकवून उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवतो, म्हणजे ब्रेकचा दिवा पेटता राहतो, आणि मागचे वाहन पुरते थांबेपर्यंत क्लच दाबून आरशात पाहत राहतो. ते वेगात येताना दिसले, तर ब्रेक दोन-तीनदा सोडून दाबावा, म्हणजे दिवा लुकलुकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. न्यूट्रलमधून गिअर टाकून निघेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

गिअरमध्ये उभे राहण्यात एक धोका आहेच : क्लचची केबल तुटली तर गाडी पुढे उसळते. म्हणून ब्रेक सोडू नये, केबलचे तंतू सुटू लागताच ती बदलावी आणि पुढच्या वाहनाची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर राखावे. त्या वाहनाच्या बरोबर मध्यभागी न थांबता मोकळ्या बाजूच्या रेषेत थांबावे. शिवाय लेनच्या मध्यावर उभ्या वाहनांचे ऑइल ठिबकलेले असते, तेथे पाय घसरतो. ट्रकच्या शेजारी थांबावे लागलेच, तर त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही.

मागे एक-दोन वाहने थांबली की न्यूट्रल करायला हरकत नाही, आणि रेल्वे फाटकावर तर इंजिन बंदच करावे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा आपल्याकडे सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे, झाडाच्या सावलीत थांबण्याची पद्धत आहे. मागून येणाऱ्याला तेथे कोणी उभे असेल अशी अपेक्षाच नसते, आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावलीतली गाडी उशिरा दिसते. सावलीचा मोह मलाही होतो. तेथे थांबलोच तर मी रस्त्याच्या अगदी कडेला, डांबर सोडून थांबतो.