नेपाळच्या ट्रेकवर हवामान बिघडलं तर: या चुका टाळा

एव्हरेस्टचा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुकला गावात विमान येत असलं की विमानतळावर भोंगा वाजतो. तीन दिवस आम्ही लॉजच्या हॉलमध्ये शेगडीभोवती बसून त्या भोंग्याकडे कान लावून होतो. शेगडीच्या नळीभोवती सगळ्यांचे मोजे वाळत घातलेले, खिडकीबाहेर नुसतं पांढरं, आणि मोबाइलमध्ये काठमांडू-मुंबईची तिकिटं, आदल्याच दिवशी वाया गेलेली. एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर) धडधाकट करून आलो होतो आणि घरी मात्र जाता येत नव्हतं. दोष ढगांना देण्यात अर्थ नव्हता. परतीच्या तिकिटाआधी आम्ही एकच दिवस मोकळा ठेवला होता.

एकच मोकळा दिवस

लुकलाची धावपट्टी अवघी ५२७ मीटरची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिकाला समोरचं डोळ्यांनी दिसलं तरच विमान उतरतं. दुपारकडे वारा आणि ढग चढतात, म्हणून बहुतेक फेऱ्या सकाळीच उरकतात. सकाळ गेली की दिवस गेला.

आमचा सगळ्यात मोठा गैरसमज असा होता, की आज विमान रद्द झालं म्हणजे उद्या पहिला नंबर आपला. तसं नसतं. उद्याच्या विमानात उद्याचं तिकीट असलेले आधी बसतात. अडकलेल्यांना उरलेल्या जागा किंवा जादा फेरी मिळते. त्यामुळे दोन दिवस धुकं राहिलं तर रांग सरायला आणखी एक-दोन दिवस जातात. परतीच्या बाजूला किमान तीन दिवस मोकळे ठेवा. शिवाय लुकला-काठमांडू आणि काठमांडू-मुंबई ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतात. पहिलं विमान उडालं नाही याच्याशी दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं.

अडकलातच, तर पहिल्या दिवशी दुपारीच ठरवा. तीन वाटा असतात: थांबणं, चार-पाच जण जमवून हेलिकॉप्टर, किंवा खाली चालत जाऊन सल्लेरी गावाच्या बाजूची जीप. हेलिकॉप्टरलाही दिसावं लागतंच, फक्त ढगांत छोटी फट मिळाली तरी त्याचं भागतं. जीपच्या वाटेत चिखल आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास आहे, काठमांडूपर्यंत दोन दिवस धरून चाला. पण ती वाट भोंग्यावर अवलंबून नाही. आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत ‘उद्या उघडेल’ म्हणत बसलो. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरसाठीही रांग होती.

गेलेला दिवस भरून काढणं

ही चूक जिवावर बेतू शकते. सीझनमध्ये लुकलाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या छोट्या विमानतळावरून सुटतात. मध्यरात्री निघून चार-पाच तास गाडीत बसायचं आणि तिथे कळायचं, आज उड्डाण नाही. दोन दिवस असे गेले की ग्रुपमधला कोणीतरी हिशोब मांडतो: वाटेतल्या नामचे गावातला आरामाचा दिवस काढून टाकू, पुढच्या दिंगबोचेचाही काढू, झालं वेळापत्रक सरळ!

नामचे ३,४४० मीटरवर आहे. ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा साधा नियम आहे. ते ‘आरामाचे’ दिवस शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून असतात. दिवस कमी पडत असतील तर वरचं टोक कापा. तेंगबोचेच्या मठापर्यंत जाऊन परतलात तरी आमा दब्लमचं शिखर समोर दिसतंच. बेस कॅम्पला पाटीशेजारचा फोटो सोडला, तर खुद्द एव्हरेस्टचा माथा दिसतही नाही.

‘ऑक्टोबर म्हणजे आकाश मोकळं’

बहुतेक वेळा खरं. पण ऑक्टोबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठण्याचाही महिना. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचीच उरलेली वाफ अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन कोसळली. थोरांग ला ही ५,४१६ मीटरची खिंड आणि आसपासच्या भागात किमान ४३ माणसं गेली. त्यांत ट्रेकर होते, तसेच नेपाळी गाईड आणि पोर्टरही. काहीजण खिंडीवरच्या चहाच्या खोपटात आडोशाला बसले होते, तेही पुढे बर्फात बाहेर पडले.

तेव्हा ट्रेकला निघालात की आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याच्या बातम्याही बघत जा. मोबाइलवरचा अंदाज बऱ्याचदा गावाचा असतो, खिंडीचा नसतो. संध्याकाळी वरून उतरून आलेल्यांना विचारा. लॉजवाली दिदी ‘भोलि नजानुस्’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी निघू नका.

सह्याद्रीची सवय

आपण पावसात भिजायलाच ट्रेकला जातो. राजमाचीला चिंब होऊन पिठलं-भाकरी खाल्ली की झालं. तीच गंमत ४,००० मीटरवर केली तर अंग पुन्हा गरम होत नाही. तिथे ओला सुती टी-शर्ट बर्फाच्या पट्टीसारखा अंगाला चिकटतो. सोबतचा माणूस कुडकुडतोय, अडखळतोय, मधेच असंबद्ध बोलतोय असं दिसलं, तर आधी त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी पाजा आणि जवळचा लॉज गाठा. सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घाला आणि एक जोडी मोजे फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा.

बर्फ थांबून ऊन पडलं की गॉगल हवाच. आणि तुमच्या पोर्टरकडे तो आहे का, हेही बघा. आमच्याकडच्या पोराच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट होते आणि ते आमच्या लक्षात आलं थेट लोबुचेला, बेस कॅम्पच्या अगदी अलीकडच्या मुक्कामावर.

विमा आणि पैसे

पॉलिसीत उंचीची मर्यादा वाचा. काहींत ती बेस कॅम्पच्या बरीच खाली असते. आजारपणात हेलिकॉप्टर मागवण्याआधी विमा कंपनीला फोन करा. फ्लाइट चुकतेय म्हणून मागवलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे ती देत नाही. चार दिवस जास्त पुरेल इतकी नेपाळी रोकड वेगळ्या पाकिटात असू द्या.

घरी परतीची तारीख सांगताना मी ‘सोळाला येतो’ म्हणून गेलो होतो, आणि आई सोळापासून दर तासाला फोन लावत बसली. आता ‘सोळा ते वीसच्या दरम्यान’ असं सांगून निघतो. ती म्हणते, “म्हणजे विसालाच.”