अनेक शहरांचा विमानप्रवास: तिकीट एकच ठेवा

तीन-चार शहरांचा परदेश दौरा असेल तर प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढण्याआधी तिकीट शोधायच्या साइटवरच्या 'मल्टी-सिटी' पर्यायात सगळे टप्पे तारखांसह एकत्र टाकून भाडं बघा. एकाच तिकिटावर आधीच्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं विमान कंपनीचं काम असतं. वेगळ्या तिकिटांवर तो भुर्दंड तुमचाच. शिवाय सामान बहुधा मध्येच घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. नेमकं हेच अनेकांच्या लक्षात येत नाही! अमेरिकेत तर फक्त विमान बदलायलाही व्हिसा किंवा प्रवासाची पूर्वपरवानगी लागते.

आंतरराष्ट्रीय तिकिटात 24 तासांपेक्षा जास्त मुक्काम सहसा 'स्टॉपओव्हर' धरला जातो आणि भाडं वाढू शकतं. मुक्काम 23 तासांचा करून पुन्हा शोधा. फरक कधी कधी मोठा असतो.

रोमला उतरून पॅरिसहून परतायचं असेल तर मधला प्रवास रेल्वेने करा आणि तो टप्पा तिकिटात घेऊच नका. घेतलेला टप्पा न कळवता सोडला, तर पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात.